शेरा : चूल गरम

रांझीच्या वस्तीत मला माझ्या नावानं कुणी ओळखत नसे. लतिका हे नाव फक्त ऑफिसच्या हजेरीबुकात. वस्तीत मी चूल्हेवाली बहनजी. मी नाल्यावरची फळी ओलांडली की पोरं पुढं पळत वर्दी द्यायची आणि घराघरांतून फुंकणीचे आवाज सुरू व्हायचे. मला त्याचा राग यायचा आणि खरं सांगायचं तर मजाही वाटायची. अठ्ठावीस वर्षांच्या बिनलग्नाच्या बाईला पाहून अख्खी वस्ती कामाला लागते, हे सुख त्या काळात जबलपुरात आणखी कुणाला होतं?

साल पासष्ट. लढाई सुरू होती. दारूगोळ्याच्या कारखान्यात बारा-बारा तासांच्या पाळ्या चालत होत्या, रजा बंद होत्या आणि तरी माणसं कमीच पडत होती. अमरावती, वर्ध्याकडून, सागर-दमोहकडून रोज नवी माणसं यायची आणि जिथं जागा मिळेल तिथं चार बांबू ठोकून राहायची. नाल्याकाठची जागा सगळ्यात सोपी, कारण ती कुणालाच नको होती. वर पाणी भरायचं, खाली धुवायचं, त्याच्याही खाली पोरं बसायची, आणि पावसाळ्यात ते सगळं एक व्हायचं. सरकारनं ठरवलं, कामगारांसाठी शहाण्णव क्वार्टर बांधायचे. दोन खोल्या, स्वयंपाकाचा ओटा, संडास आणि घरात नळ. ते वाटायचं काम आमच्या खात्याकडं आलं. खात्याचं नाव सांगत नाही, ते आता राहिलेलंही नाही. ऑफिस सिव्हिल लाइन्समध्ये होतं, एका जुन्या बंगल्यात, आणि त्या बंगल्याच्या बागेत तीन नळ होते.

शहाण्णव घरांना साडेसहाशे अर्ज आले. मग नियम आले. घरातला एक माणूस कारखान्यात हवा. घरात कमीत कमी पाच माणसं हवीत. आणि चूल वेगळी हवी. एक चूल म्हणजे एक कुटुंब, असं पत्रकात लिहिलेलं होतं. लोक काय कमी हुशार? दोघं भाऊ एकाच चुलीवर जेवायचे आणि दुसऱ्या कोपऱ्यात तीन विटा मांडून वर मूठभर राख टाकायचे, की झाली दुसरी चूल, दुसरा अर्ज. पुरुष कारकुनाला कुणी चुलीपाशी जाऊ देईना, म्हणून खात्यानं बाईची जागा काढली. ती मला मिळाली.

तळहाताची युक्ती माझी. न सांगता जायचं आणि राखेवर तळहात धरायचा. राख कोमट असली तर शेरा, चूल गरम. नसली तर, चूल थंड. थंड चुलीचा अर्ज बाद. आमचे साहेब, शालिग्राम साहेब, या युक्तीवर इतके खूश झाले की त्यांनी फायलीत माझं कौतुक लिहिलं. सर्वेक्षिका की सूझबूझ प्रशंसनीय है. ते वाक्य मला अजून पाठ आहे. वडिलांना मी ते तीनदा वाचून दाखवलं होतं. रेल्वेत तीस वर्षं काढूनही त्यांच्याबद्दल कुणी एक ओळ लिहिली नव्हती.

या युक्तीत एक खोट होती. ज्यांचा माणूस सहाच्या पाळीला जाई, त्या बायका चारला उठून स्वयंपाक उरकत. लाकूड कुंडमच्या जंगलातून मोळ्यांनी यायचं, महाग पडायचं, म्हणून चूल लगेच विझवून टाकत. दहा वाजता मी जाई तेव्हा राख गार. म्हणजे ज्या घरचा माणूस खरोखर लढाईच्या कामावर, तेच घर बाद होण्याची शक्यता जास्त. हे माझ्या लक्षात आलं नव्हतं असं मी म्हणणार नाही. दुसऱ्याच आठवड्यात आलं होतं. पण कौतुक फायलीत लागून गेलं होतं आणि मी गप्प बसले.

भानुमतीचं घर नाल्याच्या अगदी कडेला होतं. नवरा पुंडलिक कारखान्यात ओझी वाहायचा. सासू ठकूआजी, थोरली मुलगी शेवंता, धाकटी चार वर्षांची मनीषा. बरोबर पाच. आधी सहा होती. बापू नावाचा दोन वर्षांचा मुलगा मागच्या पावसाळ्यात हगवणीनं गेला. तीन दिवसांत गेला. आता तेच दुखणं मनीषाला अधूनमधून धरायचं. पोट लागलं की ती पोर भिंतीला टेकून नुसती बसून राहायची आणि भानुमती तिच्याकडं बघायची. तिला क्वार्टरच्या खोल्यांचं काही नव्हतं. ती नळाचंच विचारायची. पाणी घरात येते का, सकाळ-संध्याकाळ येते का, नाल्याचंच तर नाही सोडत. दर भेटीत तेच.

मला ती आवडायची. तिचं माहेर माझ्या वडिलांच्या गावापासून चार कोसांवर. दिवसभर हिंदी ऐकून कंटाळलेल्या कानाला तिचं बोलणं बरं वाटायचं. मी तिच्याकडं दोनदा चहा प्यायले होते, आणि म्हणूनच सप्टेंबरात मी कधी करत नव्हते ते केलं. तिला दिवस सांगितला. म्हटलं, मंगळवारी दहाच्या सुमारास येईन, बरोबर साहेब असतील, ही शेवटची फेरी आहे आणि त्याच संध्याकाळी यादी बंद होणार आहे. चूल पेटती ठेव, सगळ्यांना घरात ठेव. पुंडलिक कामावर असेल तरी चालेल, पुरुषांचे अंगठे कारखान्याच्या दारावर आधीच घेऊन झालेत. तुझा आणि आजीचा अंगठा तेवढा लागेल.

शेजारी बेबीताई राहायची. तीही आपल्यातलीच, तिचीही पाच माणसं, तिचाही नवरा सहाच्या पाळीला. तिला मी सांगितलं नाही. तिच्याकडं मी चहा प्यायले नव्हते.

मंगळवारी आम्ही निघालो तेव्हा साहेब खुशीत होते. वस्तीत शिरताना त्यांनी नाकाला रुमाल लावला आणि लढाईच्या बातम्या सांगत राहिले. बेबीताईचं घर आधी लागलं. मी चुलीवर हात धरला. राख गार होती. बेबीताई म्हणाली, चार वाजता रांधलं, बहनजी, त्यांची पाळी सहाची. साहेब दारातून माझ्याकडं बघत होते. मी लिहिलं, चूल थंड.  बेबीताई आमच्या मागोमाग दारापर्यंत आली आणि आम्ही कुठल्या घरात शिरतो ते बघत उभी राहिली.

भानुमतीची चूल भडकलेली होती. एवढं लाकूड तिनं कधी जाळलं नसेल. एका बाजूला डाळ शिजत होती आणि ती तव्यावर भाकरी टाकत होती. टोपलीत सात-आठ भाकरी होऊन गेल्या होत्या. घरात धूर कोंडला होता. कोपऱ्यात ठकूआजी गोधडी पांघरून, भिंतीकडं तोंड करून निजली होती. दोघी पोरी दाराजवळ बसल्या होत्या. थोरली खाली मान घालून होती.

साहेब उंबऱ्यावरच थांबले. त्यांनी बोटानं मोजलं. आदमी ड्यूटीवर, औरत, दोन लडकी, माताजी. पाच. चूल तर तिथूनच दिसत होती. ते हसून म्हणाले, इथं हात ठेवाल तर भाजून निघेल. मग म्हणाले, माताजींचा अंगठा घ्या, चला, पुढं अजून बारा घरं आहेत.

भानुमतीनं पिठाच्या बोटानं कागदावर अंगठा दिला. मी तिथंच तो पुसून पुन्हा घेतला. मग शाईची गादी घेऊन आजीजवळ गेले. भानुमती म्हणाली, तिले बरं नाही, झोपली हाय. मी गोधडीखालून आजीचा हात ओढला. हात आला नाही. कोपरातून वळेचना. मी मनगट धरलं. ते गार होतं, दगडी पाट्यासारखं गार. बाहेर सप्टेंबरचं ऊन, आत चूल पेटलेली, आणि त्या सगळ्या धगीत तेवढा एक हात गार.

मी वळून पाहिलं. भानुमती माझ्याकडं बघत नव्हती. ती भाकरी उलटत होती. पण तिच्या पाठीवरून घाम वाहत होता आणि मानेची शीर उडत होती. तेवढ्यात मनीषा म्हणाली, ‘‘आजी उठूनच नाही राहिली.’’

साहेबांनी विचारलं, बच्ची क्या कह रही है? त्यांना मराठी येत नव्हती.

‘‘कह रही है, दादी को बुखार है,’’ मी म्हटलं.

मग भानुमती बोलली. आवाज अगदी रोजचा होता. ‘‘घ्या बाई लवकर. भाकर करपून राहिली.’’

आपल्याकडं घरात मढं असताना चूल पेटवत नाहीत. हे कुणी शिकवावं लागत नाही. माणूस गेलं की आधी चुलीवर पाणी पडतं, मग रडणं सुरू होतं, आणि पुढं शेजारची माणसं पिठलं-भाकर आणून देतात तेव्हा घरच्यांच्या पोटात काही जातं. माझी आई गेली तेव्हा आमच्या स्वयंपाकघरात तीन दिवस मांजरसुद्धा फिरकलं नव्हतं. आणि इथं ही बाई सासूच्या उशाशी बसून भाकरी थापत होती, कारण मी तिला म्हटलं होतं, चूल पेटती ठेव. आणि कारण म्हातारी गेली असं म्हटलं की घरात चार उरत होते.

मी आजीच्या अंगठ्याला शाई लावली. हात वळत नव्हता म्हणून कागदच तिच्या हाताखाली सरकवला आणि अंगठा दाबला. ठसा स्वच्छ उमटला. जिवंत माणसाचा हात हलतो, ठसा फिसकटतो. हा अगदी रेघन्‌रेघ उमटला. साहेबांनी लांबूनच पाहिला आणि म्हणाले, असे अंगठे घ्यायला शिका सगळ्यांकडून. मी शेरा लिहिला, सदस्य पाच, चूल गरम.  मला त्या क्षणी स्वतःचं कौतुकही वाटलं, की मी एका बाईच्या मुलीला नळ देतेय. नियम मोडून चांगुलपणा करण्याची नशा वेगळीच असते, आणि ती मला चढली होती.

दुपारी बारानंतर भानुमतीनं गळा काढला. बायका धावल्या. हे सगळं मला नंतर कळलं. आंघोळ घालायला बेबीताई पुढं होती. तिनं पाहिलं, अंग लाकूड झालेलं. आता गेली म्हणतात आणि अंग असं? मग तिला आजीचा अंगठा दिसला. जांभळा. घासूनही शाई निघेना. मग तिनं चूल पाहिली, टोपलीतल्या भाकरी पाहिल्या, आणि तिथंच पाण्याचा तांब्या खाली ठेवून ती बाहेर आली. म्हणाली, सकाळपासून मढं घरात ठेवून रांधत होती ही. पुंडलिकाला बोलावणं गेलं पण पाळीतून सोडेनात, तो सात वाजता आला. तोवर आजीला खांदा द्यायला आपल्यातले चार जणसुद्धा उरले नव्हते. सागरकडचे दोन मजूर आणि एक सायकलवाला मिळाला म्हणून म्हातारी हलली.

यादी लागली. भानुमतीचं नाव चौसष्टावं होतं. तिला घर मिळाल्याचं पत्र मिळालं, क्वार्टरचा नंबरही मिळाला, फक्त चुना मारायचा राहिला होता म्हणून किल्ल्या थांबल्या होत्या. त्या दिवसांत ती दोनदा जाऊन नळ उघडून बघून आली, असं चौकीदारानं मला सांगितलं. पाणी आलं की ती हसायची, म्हणे.

तिसऱ्या आठवड्यात बेबीताईची तक्रार आली. लिहून दिली होती कुणीतरी चांगल्या हिंदीत. मेलेल्या बाईचा अंगठा घेऊन घर दिलं, चौकशी व्हावी. साहेबांनी ती वाचली आणि पहिल्यांदाच मला बसा म्हटलं नाही. त्या दिवशी उंबऱ्यावर तेही उभे होते. हे प्रकरण वर गेलं तर आधी ते जाणार होते आणि मग मी. ते म्हणाले, तुम्ही लेखी द्या, नीट आठवून द्या. हात हातात घेतलेल्या माणसाला कळत कसं नाही, हा प्रश्न कुणीही विचारील, याचं उत्तर त्यात यायला हवं.

मी लिहिलं. सदर महिलेनं वृद्धा आजारी असून झोपली आहे असं सांगून माझी फसवणूक केली. वृद्धेचा हात मला गरम लागला, त्यामुळं संशय आला नाही. खाली सही केली. पंधरा मिनिटं लागली असतील. घरी वडील आजारी होते, माझ्याशिवाय मिळवणारं कुणी नव्हतं, हे सगळं मी स्वतःला सांगितलं. पण लिहिताना ते मनात नव्हतं. लिहिताना एवढंच होतं, की मी चूल्हेवाली बहनजी आहे आणि ते मला सोडायचं नाही.

बाहेर व्हरांड्यात भानुमती बाकावर बसली होती. मनीषा तिच्या मांडीवर, मलूल. पुंडलिकाला रजा मिळाली नव्हती. बागेतला नळ गळत होता आणि ती पोर त्याच्याकडं बघत होती. भानुमतीनं मला विचारलं, मी काय लिहिलं. मी सांगून टाकलं. एवढा तरी प्रामाणिकपणा माझ्यात होता, किंवा मग मला तिचं उत्तर आधी ऐकायचं होतं, कुणास ठाऊक.

‘‘हात गरम होता असं लिहिलं मी.’’

ती माझ्याकडं बघत राहिली. माझी नजर खाली गेली.  मग ती म्हणाली, ‘‘अच्छा.’’ आणि पोरीच्या तोंडावरचे केस मागं सारले.

आत तिचं बयान घ्यायचं होतं. तिला हिंदी समजायची, पण साहेबांची दफ्तरी हिंदी नाही. दुसरं मराठी कुणी ऑफिसात नव्हतं. तेव्हा साहेबांचं मीच तिला सांगायचं, आणि ती मराठीत काय म्हणते ते मीच हिंदीत करायचं. टेबलावर माझा कागद पडला होता, त्याच्या शेजारी साहेबांनी कोरा कागद घेतला.

साहेबांनी विचारलं, हात गरम कसा होता?

भानुमतीनं सावकाश सांगितलं. मी तिचं एकेक वाक्य हिंदीत करत गेले. ‘‘बाईले काही माहीत नव्हतं. मीच केलं सारं. सासू पहाटे गेली, मनीषाचा बाप कामावर गेल्यावर. बाई हात धरतीन हे मले माहीत होतं, म्हणून तिचा हात मी चुलीपाशी शेकून ठेवला. गरम लागावा म्हणून.’’

मी थांबले. साहेब म्हणाले, हां, आगे. मी त्यांना सांगितलं, हिनं मेलेल्या सासूचा हात चुलीवर शेकून ठेवला होता. हे वाक्य मी माझ्या तोंडानं म्हटलं. असं काही झालं नव्हतं. माझ्याइतकं ते कुणालाच पक्कं ठाऊक नव्हतं, कारण तो हात माझ्या हातात होता आणि तो गार होता. माझं खोटं खरं ठरावं म्हणून तिनं स्वतःबद्दल इतकं घाण खोटं जागच्या जागी घडवलं होतं. साहेबांनी तोंड वाकडं केलं. मग त्यांनी दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवून वाचले आणि म्हणाले, चलो, दोनों बयान मेल खाते हैं. त्यांचा आवाज सैल झाला होता. भानुमतीनं अंगठा दिला. तिचा ठसा फिसकटला.

व्हरांड्यात तिनं मला गाठलं. रडली नाही. म्हणाली, ‘‘तुमी गेल्या असत्या तर आमचं कोणीच राह्यलं नसतं तिथं. आता तुमी हाव खुर्चीवर. पुढच्या यादीत पाहाल तुमी.’’ मी मान हलवली. काहून असं केलंस, असं मला विचारायचं होतं, पण तिनं सांगूनच टाकलं होतं. ती पोरीला काखेत घेऊन फाटकाकडं गेली आणि जाता जाता नळाशी थांबून मनीषाला ओंजळीनं पाणी पाजलं.

तिचं घर रद्द झालं. ते बेबीताईला मिळालं. मी तिच्याकडं पुन्हा गेले, या वेळी आधी सांगून, आणि शेरा बदलून चूल गरम लिहिला. बेबीताईनं मला चहा दिला.

बयानं बंद लखोट्यात राहत नाहीत. चपराश्यानं सांगितलं, की कारकुनानं सांगितलं, ते मला माहीत नाही, पण आठ दिवसांत वस्तीत सगळ्यांना कळलं की भानुमतीनं सासूचं मढं चुलीवर शेकलं. आधी नुसती चूल पेटवल्याचा दोष होता. तो आपल्या लोकांनी कदाचित वर्षभरात पचवला असता, शेवटी पोटाला पोरी होत्या. पण हे कुणी पचवेना. तिच्या घरचं पाणी कुणी घेईना. पुंडलिक तिच्या हातचं जेवेनासा झाला, स्वतः वेगळी चूल मांडून भात शिजवायचा. म्हणजे त्या एका खोलीत दोन चुली झाल्या, आणि नियमानं दोन कुटुंबं.

मी तिकडं जाणं टाळलं. माझ्याकडं आता दुसरे वॉर्ड होते. मी काम चांगलं करायची, हे खोटं नाही. त्या दोन वर्षांत माझ्या हातून चारशे घरं वाटली गेली, चारशे घरांत नळ गेले, आणि तिथली पोरं वाचली असतील. सदुसष्टमध्ये मला पर्यवेक्षिका केलं. निवृत्त झाले तेव्हा शाल आणि नारळ देताना कुणीतरी म्हणालं, बाईंनी हजारो कुटुंबांना हक्काचं छप्पर दिलं. मी हसले. मला त्या माणसाच्या कानाखाली वाजवावीशी वाटली होती.

सदुसष्टमध्येच दुसऱ्या वसाहतीचं काम निघालं, पहिलीला लागूनच, दीडशे क्वार्टर. नियम ठरवायचे होते. शालिग्राम साहेब म्हणाले, लोग समझदार हुए हैं, बच्चे कम कर रहे हैं, पाचाची अट चारावर आणावी का? तुम्हाला वस्तीची माहिती आहे, तुम्ही म्हणाल तसं लिहू.

माझ्या डोळ्यांपुढं पहिलं आलं ते भानुमतीचं घर. पुंडलिक, ती, शेवंता, मनीषा. चार. अट चारावर आली तर तिचा अर्ज पास होणार. ती वसाहतीत येणार, माझ्या रोजच्या फेरीत, बेबीताईच्या चार ओळी पलीकडं. कधीतरी नळावर भांडण होणार, कुणीतरी तिला मढं शेकणारी म्हणणार, आणि त्या दिवशी ती तोंड उघडणार, की हात गार होता आणि बाईला ठाऊक होतं. तिनं दोन वर्षांत तोंड उघडलं नव्हतं. तरी मला त्याचीच भीती होती. ज्या माणसानं आपल्यासाठी एवढं केलं, त्याची भीती वाटते. तोंड दाखवायची लाज वाटते आणि मग त्याचं तोंडच दिसू नये असं वाटायला लागतं.

‘‘पाँच ही रहने दीजिए, साहब,’’ मी म्हटलं. चार केले तर अर्ज आवरणार नाहीत, असं कारण दिलं. ते त्यांना पटलं.

महिन्याभरानं नवी सर्वेक्षिका रांझीचे अर्ज घेऊन आली. विनीता नावाची मुलगी होती, नुकतीच लागलेली, फार चटपटीत. तिनं गठ्ठा माझ्या टेबलावर ठेवला आणि वरचा एक अर्ज वेगळा काढला. म्हणाली, ही बाई म्हणत होती, मोठ्या बाईंना माझं नाव सांगा, त्यांनी शब्द दिला आहे. बाई, अर्ज तर नियमात बसत नाही, पण तुम्हाला दाखवल्याशिवाय बाद कसा करू?

मी अर्ज हातात घेतला. अर्जदार पुंडलिक. पत्नी भानुमती. मुलगी शेवंता, वय अकरा. त्याखालची ओळ कोरी होती.

मी कागद उलटा करून पाहिला. मागं काही नव्हतं. विनीताला विचारलं, आणखी एक लहान मुलगी होती ना? ती म्हणाली, ती मागच्या पावसाळ्यात गेली म्हणे, पोटानं.

मी खुर्चीत मागं टेकले. आणि मला हायसं वाटलं. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. मला आधी दुःख झालं नाही, आधी हायसं वाटलं. तीन माणसं होती. मी चार म्हटलं असतं तरी तिला घर मिळालं नसतं. म्हणजे माझ्यामुळं काही गेलं नाही. एवढा हिशेब माझ्या डोक्यानं आपसूक केला, आणि तो झाल्यावर मला शेवटच्या दिवशीची ती पोर आठवली, ओंजळीला तोंड लावून आमच्या बागेतलं पाणी पिणारी.

मी पेन उघडलं. सदस्य तीन, अपात्र, असं लिहून सही केली. बाकीचे रकाने विनीतानं जागेवरच भरून आणले होते. माझ्याच पद्धतीनं, तळहात धरून. चुलीच्या रकान्यात तिच्या टपोऱ्या अक्षरात लिहिलं होतं, चूल गरम.